सोलापुरातनं कन्सल्टिंगला जाता येतं का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापुरात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर अशोक चौकाजवळ, वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. दहावीला ९१ टक्के, बारावीला ८४, आत्तापर्यंतचा सीजीपीए ८.१. वर्षभर झालं यूट्यूबवर मॅनेजमेंट कन्सल्टिंगचे व्हिडिओ बघतोय, मॅकिन्सी, बीसीजी, बेन, केस इंटरव्ह्यू सगळं, आणि आता दुसरं काही करावं असं वाटतच नाही. पण आमच्याकडं कॅम्पसला बँका येतात, इन्शुरन्सवाले येतात, बीपीओ येतात, बस. लिंक्डइनवर कितीतरी जणांना मेसेज टाकले, एकानं उत्तर दिलं की तुझं कॉलेज टार्गेट लिस्टमध्ये नाही, विसर. मला चान्स आहे का नाही ते सरळ सांगा, गोड बोलू नका.
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : सरळच सांगते. बीकॉम झाल्या झाल्या सोलापुरातनं थेट या तिघींपैकी एकीत अ‍ॅनालिस्ट म्हणून लागायचा चान्स जवळपास नाही. तुझ्या हुशारीशी याचा काही संबंध नाही, तो विचार आधी काढून टाक. मॅकिन्सी १९२६ सालची, बीसीजी १९६३ ची, बेन १९७३ ची, आणि तिघींचाही धंदा एकच, मोठ्या कंपन्यांना धंद्यातल्या अडचणींवर सल्ला द्यायचा, म्हणजे माणसांचा वेळ विकायचा. केस इंटरव्ह्यू, म्हणजे एखाद्या धंद्याची अडचण देऊन ती समोरच सोडवायला लावतात तो, घ्यायला एचआर बसत नाही, रोज काम करणारे कन्सल्टंट आणि पार्टनर बसतात, एकेका पोराचे चार-चार पाच-पाच राउंड होतात, म्हणजे तो प्रत्येक तास क्लायंटला बिल लावता आला असता असा असतो. मग ते काय करतात, जिथं एका दिवसात पन्नास तयार पोरं भेटतील अशा मोजक्या कॅम्पसवरच जातात, आयआयटी, दिल्लीचं श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स, सेंट स्टीफन्स वगैरे. मला हे बरोबर वाटतं का तर नाही वाटत, चांगली पोरं यात राहून जातात आणि कंपन्यांचंही नुकसानच होतं, पण तू या वर्षात ते बदलू शकत नाहीस. तेव्हा त्यांच्या वेबसाइटवर अर्ज टाक, एक संध्याकाळ दे त्याला, आणि मग त्याची वाट बघत बसू नकोस.

पण ज्यानं तुला विसर म्हणून सांगितलं त्यानं अर्धंच सांगितलं. आत जायचं सगळ्यात मोठं दार एमबीए आहे आणि तिथं तू बीकॉम कुठल्या कॉलेजातनं केलंस हे फारसं कोणी विचारत नाही. कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, नोव्हेंबरच्या शेवटी असते, अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात भरायचे, शेवटच्या वर्षाला असलेल्यालाही देता येते. दोन तासांचा पेपर, तीन भाग, इंग्रजी वाचन, डेटा-लॉजिक आणि गणित, प्रत्येकाला ४० मिनिटं. कन्सल्टिंगसाठीच जायचं असेल तर अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता ही तीन आयआयएम आधी डोळ्यासमोर ठेव, मग दिल्लीचं एफएमएस, जमशेदपूरचं एक्सएलआरआय (तिथं कॅट नाही, झॅट ही वेगळी परीक्षा लागते), बाकीची जुनी आयआयएम. आपल्या राज्यात आयआयएम मुंबई आहे, म्हणजे पूर्वीचं निटी, २०२३ मध्ये नाव बदललं, आणि जमनालाल बजाज आहे जिथं राज्याची एमबीए सीईटी चालते. ओपनमधनं वरच्या तिघांत जायचं तर ९९ च्या वर पर्सेंटाइल धरूनच चाल. नुसत्या कॅटवर कॉल येत नाही, दहावी, बारावी, पदवी सगळ्याचे मार्क मोजतात, आणि तुझे चांगले आहेत. शिवाय इंजिनिअरांच्या गर्दीत कॉमर्सवाल्याला बऱ्याच ठिकाणी थोडा फायदा मिळतो कारण त्यांना वर्गात सगळे एकाच छापाचे नको असतात. ओबीसीमध्ये येत असशील तर एक काम आत्ताच कर, तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का बघ आणि नॉन क्रिमी लेयर केंद्राच्या नमुन्यातलं काढून ठेव, राज्याचं सर्टिफिकेट तिथं चालत नाही. दरवर्षी पोरं शेवटच्या आठवड्यात यासाठी सेतूत धावत असतात.

आता जे व्हिडिओत कोणी नीट सांगत नाही ते सांगते. आयआयएममध्ये जूनच्या सुमारास गेलास की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समर प्लेसमेंट लागते, म्हणजे उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी कंपन्या पोरं निवडतात. कन्सल्टिंगवाले तिथं पहिल्या फेरीत येतात, समरला घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढं तीच कंपनी कायमची ऑफर देते. म्हणजे चार-पाच महिन्यांत खेळ ठरतो, एमबीएचे धड मार्कसुद्धा तोपर्यंत हातात आलेले नसतात. मग कंपनी शॉर्टलिस्ट कशावरनं करते? तू येताना जो सीव्ही घेऊन आलास त्यावरनं. दहावी-बारावी-पदवीचे मार्क, नोकरी केली असेल तर कुठं आणि काय करून दाखवलं, आणि एखादी अशी गोष्ट जी बाकीच्या चारशे पोरांकडं नाही. आयआयएमला पोचूनही कन्सल्टिंगची शॉर्टलिस्ट न लागलेली पोरं मी बघितलीत, हुशार होती, पण सीव्हीवर मार्कांपलीकडं काही नव्हतं आणि ते भरून काढायला वेळच उरला नव्हता. म्हणून तुझं हे वर्ष आणि पुढची दोन वर्षं महत्त्वाची आहेत, कॅटच्या स्कोअरइतकीच.

माझं मत विचारशील तर, कॅट यंदा दे, पण त्यावरच सगळं लावू नकोस. जोडीला पुणे-मुंबई-हैदराबादेत नोकरी शोध. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या चौघांकडं ऑडिट, टॅक्स, रिस्क, डेटा अशा कामांना बीकॉमवाले घेतात आणि कॉलेजचा शिक्का तिथं एवढा आडवा येत नाही. पुण्यात झेडएसचं मोठं ऑफिस आहे, औषध कंपन्यांसाठी कन्सल्टिंग आणि अ‍ॅनालिटिक्स करतात, ते मुख्यतः इंजिनिअर घेतात पण तरी नजर ठेव. गुरुग्रामला मॅकिन्सीचं रिसर्चचं केंद्र आणि बेनचं कॅपेबिलिटी नेटवर्क आहे, तिथले अ‍ॅनालिस्ट पडद्यामागनं रिसर्च आणि मॉडेल करतात, ते काम वेगळं आहे, तिथनं समोरच्या टीममध्ये आपोआप जाता येत नाही, पण शिकायला फार मिळतं. यातल्या कुठल्याही ठिकाणी दोन वर्षं नीट काढलीस तर कॅट पुन्हा देताना तू वेगळाच उमेदवार असशील, आणि घरी पैसे पण येत असतील. तुझ्या वडिलांच्या पगारात दोन वर्षं नुसता क्लास आणि लायब्ररी करणं जमेल का हे तू लिहिलं नाहीस, मला वाटतं तो प्रश्न घरात असणार.

सीएचा रस्ता पण आहे. कॉमर्स पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला जाता येतं, नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रत्यक्ष कामाचं शिक्षण, दोन वर्षांची झालीय, आणि पहिल्या झटक्यात चांगल्या रँकनं पास झालेल्या सीएंना मोठ्या कन्सल्टिंग कंपन्याही बोलावतात. पण अकाउंट्स मनापासनं आवडत असेल तरच, कन्सल्टिंगला जायची शिडी म्हणून सीए धरलेली पोरं दुसऱ्या अटेम्प्टला दमतात.

आता तुझ्या हातात आज काय आहे त्याकडं येऊ, मला खरं तर यावरच जास्त लिहायचंय. केस इंटरव्ह्यूत विचारतात काय, की एका कंपनीचा माल तेवढाच जातोय पण नफा घसरलाय, का ते शोधा. दिल्ली-मुंबईची पोरं हे पुस्तकातनं पाठ करतात. तुझे वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत रे! मालकांची परवानगी घे आणि एका टॉवेलचा खर्च एका कागदावर मांड. सूत किती रुपयांचं, कुठल्या काउंटचं (म्हणजे किती जाड-बारीक), वार्पिंग-सायझिंगला (ताणा लावून खळ द्यायला) किती, मजुरी पीसवर आहे का पाळीवर, लाइट बिल किती, डाईंग बाहेर करून घेतात का आत, शंभर पिसांत सेकंड, म्हणजे डागी-खराब, माल किती निघतो आणि तो कितीला जातो, आणि व्यापाऱ्याकडं उधारी किती दिवस अडकते. उधारीचं विशेष बघ, कारण कागदावर नफा दिसत असताना मालक व्याजातच मरतोय असं लूमच्या धंद्यात नेहमी होतं. मग एकच प्रश्न धर. समज सेकंड माल कमी करायचा, तर कुठल्या लूमवर जास्त निघतो, कुठल्या पाळीत, कुठल्या सुताला, हे महिनाभर वहीत लिहून काढ, एक्सेलमध्ये टाक, आणि मालकांना दोन पानांत सांग की हे केलं तर महिन्याला इतके वाचतील. त्यांनी ऐकलं आणि थोडा जरी फरक पडला तर तुझ्या सीव्हीवर अशी ओळ येईल जी श्रीराम कॉलेजच्या पोराकडं नाही. कारखान्याचं नाव आणि आकडे बाहेर दाखवायच्या आधी मात्र त्यांना विचार. नाही म्हणाले तर यंत्रमागवाले, गणवेश शिवणारे गारमेंटवाले, मार्केट यार्डातले कांद्याचे आडते, सोलापुरात अभ्यासाला धंदे कमी नाहीत.

दुसरं, शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या सोलापूरच्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाच, फुकट मिळतात. बालाजी अमाइन्स केमिकल बनवते आणि होटगी रोडचं मोठं हॉटेल पण तिचंच आहे. केमिकल कंपनीनं हॉटेलात पैसे घालावेत का, तेच पैसे प्लांटमध्ये घातले असते तर काय झालं असतं, यावर तुझं मत तयार कर, अहवालातले आकडे घेऊन. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडझाप करणारा दांडा, बनवते, आणि इलेक्ट्रिक गाडीत कॅमशाफ्टच नसतो. कंपनीनं २०१८ मध्ये नेदरलँड्सची इलेक्ट्रिक ट्रकचं काम करणारी एक कंपनी घेतली, ते का घेतलं असेल आणि पुढं काय झालं ते शोध. हे इंटरव्ह्यूत सांगितलंस तर समोरचा पार्टनर खुर्चीत पुढं सरकून ऐकेल, कारण हे त्यानं आधी ऐकलेलं नसतं.

केस इंटरव्ह्यूत एखादा आकडा अंदाजानं काढायला लावणारे प्रश्न पण येतात, तेही असेच घरचे घे. सोलापूर शहरात वर्षाला किती शालेय गणवेश लागतात? २०११ च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं होतं, दहा लाख धर. शाळेच्या वयाची पोरं अंदाजे वीस टक्के, म्हणजे दोन लाख. त्यातली शाळेत जाणारी आणि गणवेश लागणारी एक लाख ऐंशी हजार. प्रत्येकी दोन जोड, तीन लाख साठ हजार. काही जण गेल्या वर्षीचाच वापरतात, काही जण मोठ्या भावाचा, म्हणून तीन लाख. उत्तर बरोबर आलं का हे फार महत्त्वाचं नसतं, प्रत्येक पायरीला असं का धरलं हे सांगता आलं पाहिजे, आणि शेवटी स्वतःच म्हणता आलं पाहिजे की यातला सगळ्यात कच्चा आकडा कुठला. रोज एक कर, एका मित्राला बसव, आधी मराठीत मग इंग्रजीत.

लिंक्डइनवर "मला कन्सल्टिंगमध्ये यायचंय, मार्गदर्शन करा" असे मेसेज टाकू नकोस, त्याला उत्तर येत नाही. सोलापूर जिल्ह्यातले जे लोक वर सांगितलेल्या कंपन्यांत आहेत ते शोध आणि त्यांना तो टॉवेलचा दोन पानी कागद पाठव, विचार की यात काय चुकलंय. लोक उत्तर देतात अशाला.

प्रश्न : मॅडम, आमची मुलगी इंजिनिअर आहे, हिंजवडीत दीड वर्ष आयटीत नोकरी करते. तिला पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजात एमबीएला अ‍ॅडमिशन मिळतंय. फी आणि हॉस्टेल मिळून १८ लाख. ते म्हणतात आमच्याकडं मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या येतात, मागच्या वर्षीचं सर्वात मोठं पॅकेज बोर्डावर लावलंय. बार्शीजवळ आमची चार एकर जमीन आहे, ती तारण ठेवून कर्ज काढावं का? पंधरा दिवसांत पैसे भरा म्हणतात.
— एक वडील, बार्शी

उत्तर : काका, पंधरा दिवसांत जमीन तारण ठेवू नका. आधी हे विचारा.

बोर्डावरचं सर्वात मोठं पॅकेज एका पोराचं असतं, त्यावरनं तुमच्या मुलीचं काहीच कळत नाही. त्यांना मीडियन पगार विचारा, म्हणजे सगळ्यांना ओळीत उभं केलं तर मधल्या पोराला किती मिळाले. सरासरी सांगितली तर ऐकून घ्या पण धरू नका, दोन-चार मोठे पगार आले की ती वर जाते. बॅचमध्ये किती होते, नोकरी किती जणांना लागली आणि किती जणांना त्या आकड्यात धरलंच नाही तेही विचारा. आयआयएम अहमदाबादसारख्या संस्था प्लेसमेंटचा अहवाल ठरलेल्या पद्धतीनं, बाहेरच्या ऑडिटरकडनं तपासून घेऊन प्रसिद्ध करतात. हे कॉलेज असा अहवाल देतं का? देत नसेल तर का नाही?

मग कन्सल्टिंग कंपनी आली म्हणजे कुठल्या कामाला आली ते विचारा. त्याच मोठ्या नावाच्या कंपनीत स्ट्रॅटेजीची टीम असते आणि सॉफ्टवेअर बसवून देणारी, बॅक ऑफिस बघणारी टीम पण असते, पगारात आणि पुढच्या वाटचालीत खूप फरक असतो. तुमची मुलगी आत्ता आयटीत जे करते तेच काम दुसऱ्या नावानं अठरा लाख भरून मिळणार असेल तर काय उपयोग. मागच्या दोन बॅचची तीन-चार पोरं तिला लिंक्डइनवर शोधायला सांगा, कॉलेजनं नंबर दिलेली नकोत, आणि फोनवर बोलू दे.

कर्जाचं बोलू. १८ लाख, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं, तर हप्ता साधारण २४ हजार येतो, आणि शिकताना दोन वर्षं व्याज साचत गेलं तर त्याहून बराच जास्त. मीडियन पगारातनं कर आणि पुण्यातलं भाडं वजा करून हा हप्ता बसतो का ते मुलीबरोबर बसून कागदावर मांडा. बँकेत जाऊन एक प्रश्न नक्की विचारा, हे कॉलेज तुमच्या विनातारण कर्जाच्या यादीत आहे का? साडेसात लाखांपर्यंत शैक्षणिक कर्जाला तारण सहसा मागत नाहीत, त्याच्या वर नामवंत संस्थांच्या यादीसाठीच बँका बिनतारण मोठी रक्कम देतात, कारण तिथली पोरं पैसे फेडतात हे त्यांना माहीत असतं. यादीत नसेल आणि जमीन मागत असतील तर बँकेचं त्या कॉलेजबद्दलचं मत तुम्हाला कळलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केलीय, त्यात ठरावीक चांगल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, ती यादी पण तपासा.

माझ्या मते तिनं नोकरी सोडू नये, अजून एक वर्ष काढून कॅट आणि सीईटी दोन्ही द्यावी. एफएमएसची फी आजही या अठरा लाखांच्या मानानं अगदी थोडी आहे, जमनालालची पण बरीच कमी. मिळालं तर कर्जाचा डोंगर नाही, आणि नाही मिळालं तर अडीच-तीन वर्षांचा अनुभव घेऊन तिला नोकरी बदलता येईल, जमीन जागेवर राहील. तिला काय वाटतं हे पत्रात कुठंच नाही काका, ते पण विचारा.

प्रश्न : मी पंढरपूरची, बीएस्सी दुसरं वर्ष, शाळा पूर्ण मराठी माध्यम. मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये जायचं मनात आहे पण इंग्रजी बोलताना घाम फुटतो. क्लास लावू का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे घालू नकोस. तिथं हॅलो-हाऊ आर यू शिकवतात, तुला मुद्दा मांडायला शिकायचंय. रोज इंग्रजी बिझनेस पेपरमधली एक बातमी घे, कॉलेजच्या लायब्ररीत येत असेल, मोबाइलवर तर येतोच. वाचून झाली की पाच वाक्यांत लिही, काय झालं, का झालं, पैसा कोणाचा गेला, पुढं काय होईल, तुझं मत काय. मग तेच न बघता मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिले दोन-तीन आठवडे ऐकवणार नाही स्वतःलाच, तरी कर. उच्चार मराठी वळणाचे राहिले तर राहू दे, इंटरव्ह्यूत त्याचे मार्क कापत नाहीत, वाक्य अर्ध्यात सुटलं आणि मुद्दा हरवला तर कापतात. छोटी वाक्यं बोल. सुचलं नाही तर "मला अर्धा मिनिट द्या" म्हणून गप्प बसायची परवानगी केस इंटरव्ह्यूत असते, सगळे चांगले उमेदवार ती घेतात. तुझ्याकडं अजून दीड वर्ष आहे, कॅटचा इंग्रजीचा भाग वाचनावरच असतो, तेव्हा या एकाच सवयीत दोन्ही कामं होतील. सहा महिन्यांनी पहिलं रेकॉर्डिंग आणि शेवटचं शेजारी ठेवून ऐक आणि मला लिही, मराठीत लिहिलंस तरी चालेल.